बोडीवरच्या मोहरीर बाई

मोहरीर बाई गाळ चाखून पाहत नव्हत्या. हे आधीच लिहून टाकतो. आमच्या वस्तीत अजूनही कोणी ना कोणी सांगत असतो की ती बाई बोडीचा गाळ जिभेवर ठेवायची अन् काहीबाही पुटपुटायची. खोटं आहे. त्या वास घेत. चिमूटभर गाळ अंगठा अन् बोटाच्या मध्ये धरून चोळत, दुकानात लुगड्याचा पोत पाहतात तसा, मग नाकाजवळ नेऊन डोळे मिटत. मी बाजूला उभा असायचो. ज्यांनी पाहिलं नाही तेच जास्त बोलतात.

परवा चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "त्या बाईनंच आपल्याले बुडवलं." मी कप तसाच ठेवून उठून आलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. उभं आयुष्य हातमागावर गेलं, आमच्या घराण्यात तेच. भांडायला बसलो तर आवाज चढतो अन् मुद्दा राहून जातो, म्हणून लिहून राहिलो. ज्याला पटणार नाही त्यानं वाचू नये.

बोडी म्हणजे लहान तलाव. आमची वस्ती तिच्या पाळीच्या, म्हणजे काठच्या बांधाच्या खाली, उतारावर. आजोबाच्या काळात बोडीत हत्ती बुडेल एवढं पाणी होतं म्हणतात. माझ्या म्हातारपणी तिच्यात इतका गाळ साचला की बगळा मधोमध उभा राहायचा अन् त्याचे पाय दिसायचे. पाण्याला राहायला जागा उरली नाही, तर एका पावसाळ्यात ते आमच्या घरात राहायला आलं. माझी बायको लकव्यानं खाटेवर पडलेली. तिला उचलून मागाच्या फळीवर ठेवली अन् दिवसभर धरून उभा राहिलो. पाणी उतरलं, पण ती ओल तिच्या छातीत बसली ते बसलीच. तिनं त्या वर्षीची दिवाळी पाहिली नाही. तेव्हापासून वस्तीचं एकच मागणं होतं. पुढच्या पावसाच्या आत बोडी उपसा. आम्हाला दुसरं काही नको होतं.

वस्तीच्या अर्जांना अन् चकरांना यश आलं. ठेकेदार नेमला गेला, पाळीवर पोकलेन येऊन उभं राहिलं. त्याच्या लोखंडी पंजाला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, वस्तीतल्या बायांनी मशीनला कुंकू लावलं. ठेकेदाराचा पप्पू नावाचा माणूस सगळ्यांना पेढे वाटत होता. तेवढ्यात एक बाई स्कूटीवरून उतरल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी नेसलेल्या, अन् साडीखाली पुरुषांचे गमबूट. त्या सरळ मशीनवर चढल्या, चावी काढली, पर्समध्ये टाकली अन् खाली उतरल्या.

पप्पूच्या हातातला पेढा हातातच राहिला. "मॅडम, आप तो अपनेही कंपनी के हो!"

"हो. म्हणूनच मला चावी कुठे असते ते माहीत आहे." बाई म्हणाल्या. "परवानगी आलेली नाही. गाळ तपासलेला नाही. टाकायचा कुठे ते ठरलेलं नाही. आधी कागद, मग फावडं."

लोक खवळले. सगळ्यात पुढे मीच. म्हटलं, "बाई, तुमचं घर कोनत्या वस्तीत आहे?"

"प्रताप नगर."

"तिथं पानी चढत नाही. म्हनून तुमाले कागद सुचते. आमाले पाऊस दिसून राहिला."

मला वाटलं आता ही बाई कायदा सांगेल. त्या म्हणाल्या, "खरं आहे, काका." अन् हार घातलेल्या त्या मशीनच्या सावलीत बसून डबा उघडला. भांडणाला तयार असलेल्या माणसाला 'खरं आहे' म्हणणं म्हणजे त्याच्या पायाखालची चटई ओढणं. मी तिथंच उभा राहिलो. त्यांनी डब्याचं झाकण माझ्यापुढे केलं. त्यात भाकरीचा तुकडा अन् वांग्याची भाजी होती. मी घेतली नाही. पण घरी गेलो नाही.

अशी आमची ओळख. मोहरीर घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरात लिहिण्याच्या कामावर. बाई त्यावरून हसत. "आमच्याकडे तलवार कोणी धरली नाही, सगळ्यांनी दौतच धरली." नागपूरला परत यायच्या आधी त्या समुद्राकडे होत्या. तिकडे किनाऱ्याच्या आत खारं तळं असतं, त्याचं तोंड गाळानं बुजतं, ते उपसायच्या कामावर पर्यावरणाची बाजू त्या पाहत. आई म्हातारी झाली म्हणून परत आल्या अन् ठेकेदाराच्या कंपनीत तेच काम धरलं. मी एकदा विचारलं, तिकडचं काम मोठं की इकडचं?

"तिकडे समुद्र दिवसातून दोनदा येतो, काका. तुमची लहानसहान चूक धुवून नेतो. इथे केलेली चूक इथेच राहते."

त्यांच्या सवयी विचित्र होत्या. सगळ्यांना साहेब म्हणत. पोकलेनवाला साहेब, टिप्परवाला साहेब, ढिवराचा म्हातारा जाळंवाले साहेब. मला मात्र काका. चहा बशीत ओतून पीत अन् बशी पुसून कपावर पालथी घालत, जसा चहावाल्याचा कप उद्या पळून जाणार होता. कोणी 'हो हो, होऊन जाईल' म्हटलं की म्हणत, "लिहून द्या." पोरं त्यांच्या मागे ओरडत, "लिहून द्या! लिहून द्या!" बाई वळून म्हणत, "तुम्ही पण द्या." अन् प्रश्न! बोडीत कपडे कोण धुतं, म्हशी कोण नेतं, कोणत्या घरचं पाणी कोणत्या विहिरीचं, कासव शेवटचं कधी दिसलं. माझी थोरली वहिनी गंगाबाई, वस्तीतल्या बायांची पुढारी, तोंडानं तिखट. ती म्हणाली, "वं बाई, माहं लगन कधी झालं तेबी विचारून घे ना!"

"कधी झालं?" बाईंनी विचारलं.

वहिनी हसून हसून पाळीवर बसली. त्या दिवसापासून ती बाईंसाठी घरून पाणी आणू लागली.

गाळाची तपासणी वाईट निघाली. नाल्यावर पूर्वी लोखंडाला चकचकीत मुलामा देणारी दोन-तीन शेडं होती. ती बंद होऊन जमाना झाला, पण त्यांचं विष वाहत येऊन बोडीत बसलं होतं. बाईंनी आम्हाला गोळा करून सांगितलं. हा गाळ शेतात टाकायचा नाही, भाजीत टाकायचा नाही, रस्त्याकडेला ढीग लावायचा नाही. तो मिहानच्या पलीकडे एका पडीक जागेत, तळाला चिकणमाती अन् जाड प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात जाईल. त्यासाठी मोठ्या ऑफिसची परवानगी लागेल.

त्या ऑफिसात त्यांनी मला सोबत नेलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही फक्त बसा. मला बसता येत नाही, मी उठून निघून जाते. तुम्हाला हट्टानं बसता येतं." ही माझी स्तुती होती की नाही, मी विचारलं नाही. सीताबर्डीला बस बदलून जायचो. बाबू म्हणायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

मी म्हणायचो, "बसतो."

"वेळ लागेल, बाबाजी."

"लागू द्या. घरी भिंतीले ओल आहे, इथं पंखा आहे."

"पण तुमचा काय संबंध? अर्ज तर मॅडमचा आहे."

"अर्ज त्यायचा. बसनं माहं."

बाई पदर तोंडाला लावून हसायच्या. शेवटी साहेबांनी आत बोलावलं. बाईंनी नकाशा पसरला. बोडीच्या मधोमध मातीचा बांध घालायचा, आधी नाल्याकडची अर्धी उपसायची, तोवर मासे अन् कासवं सांडव्याकडच्या अर्ध्यात राहतील. जास्त झालेलं पाणी जिथून बाहेर पडतं तो सांडवा, अन् तो आमच्याच घरांच्या डोक्यावर. मी मध्येच बोललो, सांडव्याकडून सुरू करा, पाणी तिथूनच येते. बाई म्हणाल्या, "तिथे आधी ढवळलं तर विषाचं पाणी सांडव्यातून तुमच्याच दारात उतरेल. आधी विष काढू, मग वाट मोकळी करू." साहेबांना पटलं. मलाही पटलं, म्हणून गप्प बसलो, नाही तर बसलो नसतो.

मग बाईंनी स्वतःहून एक अट घालायला लावली. वस्तीच्या विहिरीचं पाणी सारखं तपासायचं. ते बिघडलं तर काम त्या क्षणी थांबेल, अन् ऑफिसनं लिहून दिल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही परवानगी मागायला आलात की अडवायला?"

"नीट मागायला आले."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, आपल्याच गळ्यात दोरी काहून घालून घेतली?"

"ठेकेदाराच्या गळ्यात घातली, काका. उद्या मी कामावर नसले तरी ती राहील."

कागद आला अन् काम सुरू झालं. तसं काम मी पाहिलं नव्हतं. कासवं ओल्या पोत्यात गुंडाळून पलीकडच्या पाण्यात सोडली. टिप्परवर ताडपत्री बांधल्याशिवाय बाई गाडी हलू देत नसत, अन् रस्त्यावर चढायच्या आधी तिची चाकं धुवायला लावत. पप्पू कपाळावर हात मारायचा. "मॅडम, कीचड है, बारात नहीं!" टिप्पर मात्र रांगेनं जात होते. नाल्याकडची बाजू खोल होत चालली होती. पाळीवर बसून मी रोज मनात मापं घेत असे, अन् बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला रात्री झोप लागली.

आता जे झालं ते सांगतो. आमच्या वस्तीत बोडी अन् विहीर या दोघी बहिणी मानतात. बोडी थोरली, विहीर धाकटी. बोडी उपसली की थोरलीचं वाण म्हणून घरटी एक टोपली गाळ विहिरीच्या पायथ्याशी नेऊन थापायचा, वर हळदकुंकू वाहायचं. आमच्या आज्या-पणज्यांनी केलं. त्यानं विहिरीच्या भेगा बुजतात, पाणी टिकतं, असंही म्हणत. बोडी इतक्या वर्षांत उपसलीच नव्हती, त्यामुळे हे जुन्या बायांच्याच ध्यानात होतं. एका सकाळी, बाई यायच्या आधी, वहिनी पुढे अन् मागे सगळ्या बाया टोपल्या घेऊन गेल्या. गाणी म्हणत गेल्या. चोरून नाही, लपून नाही. शेतात टाकू नका हे त्यांनी ऐकलं होतं, अन् शेतात टाकलं नव्हतं. विहिरीला वाण देणं म्हणजे गाळ टाकणं, हे कोणाच्या मनात येणार?

पुढच्या तपासणीत विहिरीचं पाणी बिघडलेलं निघालं.

बाई विहिरीवर आल्या. पायथ्याशी काळ्या गाळाचा ओटा, त्यावर कुंकू. धुण्याचं पाणी त्याच्यावरून वाहत परत विहिरीत झिरपत होतं. बाई तिथं उकिडव्या बसल्या. चिमूट घेतली. डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत.

"हे कोणी केलं?"

"आमी केलं." वहिनी म्हणाली. "करावंच लागते. बहीन आहे ते तिची."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगाले काय असते वं त्यात? तू विचारलं काहून नाही? माहं लगन विचारलं, हे नाही विचारलं!"

बाई म्हणाल्या, "नाही विचारलं." अन् उठून पाळीवर गेल्या अन् काम थांबवलं.

तोवर आभाळ भरून यायला लागलं होतं. नाल्याकडची अर्धी बोडी खोल, सांडव्याकडची अर्धी तशीच गाळानं गच्च, अन् मध्ये बांध. पप्पू बाईंच्या मागे मागे धावला. "मॅडम, बोतल ही तो है. दूसरे कुएँ का पानी भर देते. किसको पता चलेगा?"

"तपासणीची बाटली बदलेल रे. लोक पाणी कुठून पितील?"

मग मी गेलो. मी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नाहीत. सावकारापुढे नाही, पुढाऱ्यापुढे नाही. त्या दिवशी पाळीवर सगळ्यांसमोर जोडले. म्हटलं, "बाई, तुमाले मालूम आहे टोपल्यायनं झालं. खोदल्यानं नाही झालं. एक डाव कागद बाजूले ठेवा. पाऊस येऊन राहिला."

त्यांनी माझे हात धरून सोडवले. "असं करू नका. तुम्ही हात जोडलेत तर मी हो म्हणेन."

"मंग म्हना ना!"

"काका, टोपल्यांनी झालं असं मला वाटतं. वाटतं. जिथं खोदतोय तिथूनही पाझरत असेल तर? तुमची नातवंडं तेच पाणी पितात. आज तुम्ही हात जोडले म्हणून मी सोडलं, तर उद्या पप्पू हात जोडेल. त्याला काय सांगू?"

मी त्यांना बोललो. जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, अन् दुसऱ्या दिवशी वस्तीत टँकर आला. बाई सकाळपासून बायांसोबत विहिरीचा पायथा खरवडत होत्या. तो गाळ पोत्यांत भरून खड्ड्यावर गेला. मग विहीर पूर्ण उपसली, पुन्हा भरू दिली, पुन्हा उपसली. पाणी चांगलं निघालं. तपासणीचा कागद घेऊन आम्ही दोघं सीताबर्डीला बस बदलली.

साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब आले नव्हते.

बाबू म्हणाला, "आले की पहिली तुमचीच फाइल." आम्ही बसलो. दुसऱ्या दिवशी बसलो. त्याच्या पुढच्या दिवशीही. बाहेर पाऊस पडून उघडायचा, पुन्हा पडायचा. बाईंनी निदान सांडव्यासमोरचा तुकडा काढू द्या असा वेगळा अर्ज केला. बाबू म्हणाला, त्यालाही सही साहेबांचीच लागते. बाई वरच्या ऑफिसला गेल्या, तिथून खाली पाठवलं, खालून पुन्हा वर. पंख्याखाली बसून मला आता थंडी वाजायची.

शेवटच्या दिवशी ऑफिस बंद व्हायच्या सुमारास बाई बाबूच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. त्या बाईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "नाही म्हणता ना? मग नाही असं लिहून द्या! कोणीतरी काहीतरी लिहून द्या!"

सगळ्यांनी माना वर केल्या. बाई खुर्चीत बसल्या. पाण्याची बाटली उघडायला गेल्या तर झाकण फिरेना. बाबूनं ती बाटली उघडून दिली. म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात असतं तर मी आज केलं असतं." तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही.

परतताना बसमध्ये बाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, बुडतो का आमी?" वस्तीशी उतरल्या अन् अंधार पडायच्या आत घराघरात गेल्या. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या, सगळ्यांना शाळेत हलवायला लावलं. लोक शिव्या देत होते अन् हलत होते.

पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. सांडव्यासमोरचा गाळ पाण्यानं ढकलला अन् पाण्यासोबत तोही आमच्या घरात आला. मेलं कोणी नाही. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, मेलं कोणी नाही. पण घराघरात पोटरीएवढा काळा गाळ, अन् माझ्या मागाचा सांगाडा त्यात आडवा. ज्या गाळाला त्या बाईनं ताडपत्रीखाली झाकून, चाकं धुवून बाहेर नेलं, तोच आमच्या चुलीत शिरला.

ठेकेदारानं बाईंना कामावरून काढलं. काम लांबवलं म्हणून. त्या तरी आल्या. पाणी उतरल्यावर, खांद्यावर रबरी हातमोज्यांचं पोतं घेऊन. दाराशी थांबून मोजे देत अन् म्हणत, उघड्या हातांनी काढू नका, पोरांना दूर ठेवा. कोणी मोजे घेतले, कोणी त्यांच्या पायाशी फेकले. एकानं गाळाचा गोळा मारला, तो त्यांच्या पाठीवर बसला. त्या वळल्या नाहीत.

वहिनीचं घर सगळ्यात खाली. बाई न विचारता आत शिरल्या, फावडं घेतलं अन् घमेलं भरलं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. बाई घमेलं कमरेवर घेऊन बाहेर आल्या. गल्लीत थांबल्या.

नाली तुंबली होती. रस्त्यावर टाकला तर उतारानं विहिरीकडे जाणार. बोडी काठोकाठ. मिहानपलीकडच्या खड्ड्याचं कुलूप ठेकेदाराकडे. बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. काळं पाणी घमेल्यातून साडीवर उतरत होतं.

मी म्हटलं, "ठेवा ते खाली, बाई."

त्या माझ्याकडे वळल्या. "कुठे ठेवू, काका?"

वहिनी दारातून बाहेर आली. तिनं घमेल्याची दुसरी कड धरली. गल्लीच्या मधोमध दोघी ते भरलेलं घमेलं धरून उभ्या होत्या, अन् कोणीच खाली ठेवत नव्हतं.